उघडं पितळ

मातीच्या भांड्यात शिजवलं तर अन्नातली शंभर टक्के पोषणद्रव्यं टिकतात, काशाच्या भांड्यात 97 टक्के, पितळेच्या भांड्यात 93 टक्के आणि प्रेशर कुकरमध्ये उरतात जेमतेम 13 टक्के. हा हिशेब तुमच्यापर्यंत पोचला नसेल तर तुमच्याकडे मोबाइल नाही, एवढाच त्याचा अर्थ. बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यापासून पुण्याच्या सदाशिव पेठेपर्यंत तो सारख्याच भक्तिभावाने फिरतो. आमच्या बुऱ्हाणपुरात तो हिंदीत येतो, रावेर-सावद्याला पोचेपर्यंत मराठी होतो आणि पुण्या-मुंबईत गेला की त्याच्या खाली पितळी कढईची किंमत आणि घरपोच मागवण्याचा नंबर असतो.

कोणती पोषणद्रव्यं, हे त्यात कुठेच नसतं. क जीवनसत्त्व म्हणावं तर ते उष्णतेने जातं, मडक्यातही जातं; उलट तांब्याचा अंश मिसळला तर ते अधिकच लवकर नासतं. लोह, कॅल्शियम म्हणावं तर ती खनिजं कुकरमधून पळून जाणार कुठे? झाकण तर आपणच घट्ट लावलेलं असतं. डाळीतल्या प्रथिनांना भांडं कुठल्या धातूचं आहे याची खबरही नसते. असो. या आकड्यांशी भांडण्यात अर्थ नाही, कारण ते कुणी मोजलेलेच नाहीत.

भांडायचं आहे ते त्यांच्या पाठोपाठ येणाऱ्या एका वाक्याशी. ‘आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षं तांब्या-पितळेत रांधलं, त्यात दूध तापवलं, कुणाला काही झालं नाही, स्टील आलं आणि घरोघर आजार आले.’ हे वाक्य चांगली शिकलेली माणसं मान डोलावत पुढे ढकलतात. त्यातले ‘कुणाला काही झालं नाही’ हे शब्द धादांत खोटे आहेत. झालं होतं. लहान मुलांना झालं होतं आणि त्यातली बहुतेक गेली. ते कशामुळे झालं असावं याचा माग काढण्याचं काम ज्या थोड्या ठिकाणी झालं, त्यांत आपल्या पुण्याचं केईएम रुग्णालय पुढे होतं. मराठी माणसाला हे ठाऊक नसावं आणि पितळेचे 93 टक्के मात्र तोंडपाठ असावेत, ही परिस्थिती मला संताप आणणारी वाटते.

त्या आजाराचं नाव इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस. देशाचं नाव लागलेला आजार. 1887 साली कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं असं वैद्यकाचा इतिहास सांगतो. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची मुलं, त्यातही बहुतेक एक ते तीन वर्षांची. घर खाऊन-पिऊन सुखी, बरेचदा शाकाहारी, बरेचदा खेड्यातलं. आधी बाळ किरकिर करू लागतं, भूक मंदावते, पोट पुढे येतं. आई म्हणते दात येत असतील. डॉक्टरांच्या बोटांना उजव्या बरगडीखाली यकृताची कडा लागते, पातळ, धारदार आणि भलतीच टणक. मग डोळे पिवळे होतात, पोटात पाणी भरतं, आणि काही महिन्यांत, फार तर वर्षभरात, सगळं संपतं. कुणी त्याला मुडदूस म्हणे, कुणी दृष्ट, कुणी आईच्या दुधाचा दोष. पहिलं मूल असं गेलं की दुसऱ्याच्या वेळी घर धास्तावलेलं असे, आणि पुष्कळ घरांत दुसरंही तसंच जाई.

औषधांची ददात नव्हती. मद्रासच्या जम्मींचं ‘लिव्हर क्युअर’ देशभर विकलं जात होतं. बाळांच्या यकृतासाठी वेगळं औषध काढावं आणि ते खपावं, यावरूनच आजार किती घरांत पोचला होता याचा अंदाज येतो. 1955 मध्ये लिव्ह 52 आलं. ही औषधं घेऊन मुलं जगली असती तर आज मला हा लेख लिहावा लागला नसता.

सूक्ष्मदर्शकाखाली या मुलांच्या यकृताचा तुकडा पाहणारे डॉक्टर चक्रावत, कारण तिथे ‘मॅलरी बॉडीज’ म्हणतात तसे गोळे दिसत. ते एरवी अट्टल दारुड्याच्या यकृतात दिसतात. दीड वर्षाच्या बाळाने असं काय प्यायलं होतं? शंका घ्यायला कारणं पुष्कळ होती आणि एकेक करून ती सगळी तपासली गेली: कुपोषण, विषाणू, शेंगदाण्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन, आनुवंशिक दोष. एकाच घरातली भावंडं जात होती म्हणून रक्तातच काही आहे असं वाटणं स्वाभाविक होतं. एकाच घरातल्या भावंडांचं दूध एकाच पातेल्यात तापतं, हे लक्षात यायला मात्र बराच काळ जावा लागला.

1978 साली लंडनच्या पोर्टमन, टॅनर, मोवॅट आणि विल्यम्स यांनी या आजाराच्या यकृतांना ऑर्सीन नावाचा रंग देऊन पाहिलं. पेशींमध्ये तांब्याशी बांधलेल्या प्रथिनाचे गडद कण उठून दिसले. पुढच्याच वर्षी हान्स पॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीतलं ते तांबं कसं विषारी ठरतं यावर लिहिलं. निरोगी माणसाच्या यकृतात तांबं असतं ते कोरड्या वजनाच्या प्रतिग्रॅम 50 मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर. या मुलांच्या यकृतात ते शेकड्यांनी आणि कित्येकदा हजाराच्या वर निघालं. आता प्रश्न राहिला, एवढं तांबं आलं कुठून.

उत्तर शोधायला प्रयोगशाळा सोडून स्वयंपाकघरात जावं लागलं. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर हे काम केलं. आयांना विचारायचं ते साधंच होतं: बाळाला वरचं दूध कधीपासून, आणि ते कशात तापवता, कशात ठेवता? 1983 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी मांडलं की तांब्याचा अंश उतरलेलं जनावराचं दूध फार लवकर सुरू होणं हे या आजाराचं कारण असू शकेल. 1987 मध्ये आजारी मुलं आणि त्यांच्या जोडीला घेतलेली तशीच दुसरी मुलं यांच्या आहाराची तुलना त्यांनी छापली. आजारी मुलांना वरचं दूध लवकर लागलं होतं आणि ते पितळेत तापवण्या-ठेवण्याचं प्रमाण त्यांच्या घरांत जास्त होतं.

दूधच का, पाणी का नाही, याचं उत्तर 1989 मध्ये ओनील आणि टॅनर यांनी दिलं. पितळेतून दूध तांबं ओढून घेतं आणि दुधातलं केसिन ते धरून ठेवतं. गाईच्या दुधात मुळात तांबं नगण्य, आईच्या दुधाहूनही कमी. म्हणजे गाय निर्दोष, दूध निर्दोष. सकाळी तापवलेलं दूध दुपारपर्यंत त्याच पातेल्यात राहिलं आणि पुन्हा तापवून बोंडल्यातून बाळाच्या पोटात गेलं, यात जे काही घडलं ते पातेल्यात घडलं. त्यात तान्ह्या बाळाची अडचण वेगळी. जन्मतःच त्याच्या यकृतात आईकडून आलेला तांब्याचा साठा मोठा असतो. शरीरातलं जादा तांबं बाहेर जायची वाट पित्तातून, आणि पहिल्या महिन्यांत ती वाट पुरती मोकळी झालेली नसते. मोठा माणूस जे सहज बाहेर टाकतो ते बाळाच्या यकृतात साचत राहतं.

आता ‘हजारो वर्षांच्या’ परंपरेकडे वळू. परंपरेचं नाव घेऊन पितळ विकणाऱ्यांना परंपरा ठाऊक नाही, हे माझं म्हणणं आहे. जुन्या घरात पितळेच्या पातेल्याला कल्हई नसेल तर त्यात कुणी रांधत नसे. कल्हईवाला आळीच्या तोंडाशी भाता मांडायचा. भांडं तापलं की नवसागराची पूड, भपकन पांढरा धूर, मग कथलाची कांडी आणि चिंध्यांचा बोळा. भांड्याच्या आत पांढरी तकाकी फिरली की पाण्यात बुडवून चर्र. हे सगळं कौतुक धातू अन्नाला लागू नये एवढ्यासाठी होतं. ताक पितळेत ठेवलं की कळकतं, हे घरातल्या पोरीलाही माहीत असे. चिंचेचा सार, आमसुलाची कढी, लोणचं यांना दगडी, चिनी मातीच्या नाहीतर कल्हईच्या भांड्यात जागा. पूर्वज पितळेला वचकून होते, आणि आज त्यांच्या नावावर जे विकलं जातं त्यात तो वचक कुठे दिसत नाही.

आमच्याकडे मुसलमानी स्वयंपाकात तांब्याच्या देगा. लोधीपुऱ्यात बोहऱ्यांचा दर्गाह-ए-हकीमी आहे, दूरदूरचे भाविक तिथे येतात. एकूणच या गावात मोठ्या पंगतीचं रांधणं नवं नाही, आणि देगेला आतून कलई नसेल तर जाणता बावर्ची ती चुलीवर चढवत नाही. आता गंमत बघा. या आजाराच्या जुन्या नोंदींत हिंदू घरांतली मुलं फार, मुसलमान आणि ख्रिस्ती घरांतली फार थोडी. पूर्वी याचा अर्थ वंशात आणि रक्तात शोधला जाई. तो भांड्यात शोधता येतो: एका घरात दुधाला पितळ, दुसऱ्या घरात कलईचं तांबं. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, मान्य. पण एकाच मातीतल्या, एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्या दोन शेजारघरांत आजार निवड करत असेल, तर आधी चुलीवर काय आहे ते पाहणं शहाणपणाचं.

मग कल्हई असताना मुलं का गेली? इथे परंपरेची खरी मर्यादा दिसते. तिचे नियम आंबटाचे होते. आंबट कळकतं, हिरवं पडतं, जिभेला कळतं, ओकारी होते. म्हणून नियम झाला. दूध कळकत नाही. त्याचा रंग बदलत नाही, चव फारशी बदलत नाही आणि प्यायल्यावर त्या दिवशी काहीही होत नाही. जे होतं ते वर्षाने होतं, तेव्हा पातेल्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. शिवाय दुधाचं पातेलं रोजचं, रोज राखेने घासायचं. कल्हई झिजते, कथील महाग होतं, कल्हईवाला यायचा थांबतो. डोळ्यांना आणि जिभेला जे कळतं तिथवर अनुभवातून आलेलं शहाणपण पुरतं. वर्षभराने फळाला येणारं कारण पकडायला आजारी आणि निरोगी मुलांची जोडीने तुलना करावी लागते, आणि ती आजीच्या बटव्यात नसते.

दुधाच्या भांड्यातल्या तांब्याने हा आजार होतो, या मताला गंभीर विरोध झालेला आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. यकृताच्या विकृतिशास्त्रातलं मोठं नाव डॉ. एन. सी. नायक. 1979 च्या पॉपर यांच्या निबंधाचे ते सहलेखक, म्हणजे या यकृतांत तांबं साचतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी आणि डॉ. ए. आर. चितळे यांनी 2013 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये लांबलचक लेख लिहून भांड्यांचा सिद्धान्त नाकारला. आजारी मुलांच्या पुष्कळ घरांत पितळ नव्हतंच, आणि आधी दुसऱ्या कशाने यकृत बिघडतं व मग त्यात तांबं साचतं, असा त्यांचा रोख. अमेरिकेतून शाइनबर्ग आणि स्टर्नलीब यांनी 1994 मध्ये आणखी एक पेच टाकला होता. मॅसॅच्युसेट्समधल्या काही गावांत नळाच्या पाण्यात तांबं भरपूर होतं, आणि तिथली लहान मुलं यकृताच्या आजाराने मेल्याचं आढळलं नाही.

हे आक्षेप हलके नाहीत. माझ्या मते त्यांतून निघतं ते एवढंच की नुसतं तांबं पुरत नाही. काही मुलं जन्मतःच तांब्यापुढे दुबळी असावीत. याचा उत्तम दाखला भारताबाहेर, ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात सापडतो. 1900 ते 1974 या काळात तिथल्या खेड्यांत 138 लहान मुलं अगदी असल्याच सिरॉसिसने गेली. 1996 मध्ये म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्या घराण्यांच्या वंशावळी उलगडल्या. दोष आनुवंशिक होता, पण तो जागा व्हायला गाईचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तापवावं लागे. नवी भांडी आली आणि आजार गेला, घराणी मात्र तीच राहिली. तिथे हिंदू नव्हते, शाकाहार नव्हता, भारतीय काहीच नव्हतं. समान होतं ते दूध, ते वय आणि तो उघडा धातू. मॅसॅच्युसेट्सच्या मुलांकडे तो दोष नसावा, आणि पाण्यातलं तांबं म्हणजे पहिल्या महिन्यांत दुधातून गेलेलं तांबं नव्हे. पितळ नसलेल्या घरांतली मुलं कशाने गेली, हा प्रश्न नायकांनी उघडा ठेवला आहे आणि तो उघडा राहायलाच हवा.

पण या शास्त्रीय वादाचा फायदा जे भलतेच लोक उठवतात त्यांना मी उत्तर देणं लागतो. ‘बघा, डॉक्टरांतच एकमत नाही, म्हणजे पितळ निर्दोष.’ वाहवा! तीस वर्षांच्या अभ्यासात एक शंका राहिली म्हणून तो सगळा अभ्यास रद्द, आणि ज्याचा अभ्यासच कधी झाला नाही तो 93 टक्क्यांचा आकडा मात्र ब्रह्मवाक्य. पुराव्याची मागणी करायची तर ती दोन्ही दारांत करा. शिवाय कारणाचा शेवटचा धागा हाती लागेपर्यंत बाळांना धोक्यात ठेवायचं असतं असं कोणतं शास्त्र सांगतं? दूध दुसऱ्या भांड्यात तापवा, या सल्ल्याला खर्च किती आणि सल्ला चुकला तर नुकसान कुणाचं?

हा सल्ला देऊनच पुण्याच्या मंडळींनी पुढचं काम केलं. 1992 मध्ये भावे, पंडित, टॅनर आणि चंदिगडच्या सहकाऱ्यांनी आजार टाळण्यावर लिहिलं. आजार झालेल्या मुलांना वाचवण्याचेही प्रयत्न झाले. पेनिसिलामिन हे शरीरातलं तांबं ओढून लघवीतून बाहेर काढणारं औषध, शरीरात तांबं साचत जाणाऱ्या विल्सनच्या आजारासाठी 1956 पासून माहीत होतं. ते या मुलांना दिलं तेव्हा 1987 मध्ये दिसलं की कावीळ आणि पोटात पाणी सुरू झालेली मुलं बहुतेक हातची जातात; त्याआधी सापडलेली वाचू शकतात. 1996 मध्ये डॉ. आशिष बावडेकर, भावे, पंडित यांनी अशा वाचलेल्या मुलांचा दीर्घ पाठपुरावा मांडला. ती मुलं धडधाकट वाढत होती, आणि काहींच्या यकृताचा तुकडा पुन्हा तपासला तर तो जवळजवळ निरोगी दिसत होता. सिरॉसिस म्हणजे एकदा आवळलेलं यकृत पुन्हा सुटत नाही, अशी त्या काळी वैद्यकाचीही समजूत होती. ती ज्या कामांनी हलवली त्यांत रास्ता पेठेतल्या या केईएम रुग्णालयाचं काम आहे. याचा अभिमान बाळगायला कुणाला व्हॉट्सॲपची गरज पडू नये.

‘मग आमची आजी नव्वद वर्षं कशी जगली?’ हा सवाल येतोच. आजी जगली, म्हणून तर ती तुम्हाला आठवते. तिची जी भावंडं दीड वर्षाची असताना पोट फुगून गेली त्यांची नावं कुणाच्या वंशावळीत नाहीत, पुष्कळांचं बारसंही जेमतेम झालेलं. 1951 च्या सुमारास या देशात जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी 146 वर्ष पुरं होण्याआधी जात होती. ती सगळी यकृताने नव्हे. बहुतेक जुलाबाने, न्यूमोनियाने, धनुर्वाताने. पण ‘पूर्वी आजार नव्हते’ म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा. जगलेल्यांनाच विचारून काळ निरोगी होता असं ठरवायचं, तर कुठलाही काळ निरोगीच निघेल.

आणि स्टील. आजच्या पितळभक्तांच्या बोलण्यात घरातल्या बायकांवर एक छुपा ठपका असतो: सोन्यासारखं पितळ मोडीत घातलं आणि चकचकीत स्टीलला भुलल्या. ज्यांना ते पितळ चिंच-राख घेऊन घासावं लागत नव्हतं त्यांनी हे बोलावं, यात नवल नाही. ती जड पातेली उचलून मनगटं भरून येत. कल्हईचे पैसे घरखर्चातून काढावे लागत आणि त्यावर सासूची बोलणी असत. मग दारात बोहारीण यायला लागली. चार जुन्या लुगड्यांवर, नवऱ्याच्या दोन विजारींवर घासाघीस करून एक स्टीलचं पातेलं पदरात पडे, आणि पहिलं काय, तर त्यात दूध तापे, कारण दूध लागून करपलं तरी ते घासायला सोपं. साठ-सत्तरच्या दशकांपासून घराघरांत हेच झालं, कुठे स्टील, कुठे ॲल्युमिनियम. पुढच्या दोन-तीन दशकांत इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस इतका विरळ झाला की आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञाने तो पुस्तकातच वाचलेला असतो. त्याच काळात बरंच काही बदललं, औषधं आली, दुधाची पावडर आली; सगळं श्रेय भांड्याला देता येणार नाही. पण जो आजार पेटंट औषधांच्या बाटल्यांनी हटला नाही तो ओसरण्यात बोहारणीच्या पाटीचा हात आहे, असं मला तरी ठाम वाटतं. तिला पद्मश्री कुणी दिली नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या माझ्या नावावर ‘तांब्याचं पाणी प्यायलात तर मराल’ असा निरोप फिरेल. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं साधं पाणी निरोगी मोठ्या माणसाला बाधत नाही. 2012 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मरतात आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला 2 मिलिग्राम या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहतं. जिथे पाणी गढूळ आणि जुलाब नेहमीचे, तिथे हा उपयोगाचा गुण आहे. पण त्यात लिंबू पिळलं, ताक घातलं, बाळाचं दूध ठेवलं की हिशेब बदलतो. विल्सनचा आजार साधारण तीस हजारांत एकाला असतो. त्यात शरीर तांबं बाहेर टाकू शकत नाही. त्या माणसाला डॉक्टर तांब्याची भांडी बंद करायला सांगतात, आणि आपल्याला तो आजार आहे हे पुष्कळांना फार उशिरा कळतं. बाजारातल्या काही तांब्याच्या बाटल्यांना काळ्या पडू नयेत म्हणून आतूनही लाखेसारखा थर दिलेला असतो. मग पाणी तांब्याला शिवतच नाही. अशा बाटलीतून गुणही येत नाही आणि दोषही येत नाही. येतं फक्त बिल.

मला चीड येते ती बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या संचांची. उष्टावणाची पितळी वाटी, काशाचा चमचा, ‘आजीच्या काळचं आरोग्य’. कासं म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त; दोन्हींत मोठा वाटा तांब्याचाच. उष्टावणाच्या दिवशी खिरीचा एक घास त्यातून दिला तर काही बिघडत नाही. त्यातच रोज दूध तापवायला आणि ठेवायला सांगणारा माणूस मात्र असं काही करतो आहे जे आपल्याकडे एकदा होऊन गेलं आहे.

कारण शोधणारा डॉक्टर हा परंपरेचा वैरी, अशी एक सोयीची समजूत आपल्याकडे रुजली आहे. 2021 मध्ये मुंबईच्या डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांनी, कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने ते दिशाभूल करणारं ठरवलं. म्हणे वनस्पतीची ओळखच चुकली असेल. पुढच्या वर्षी देशभरातल्या 13 केंद्रांनी मिळून 43 रुग्ण मांडले. मंत्रालयाची शंका रास्त होती की नव्हती, यापेक्षा मला ती घाई बोलकी वाटली. रुग्ण नोंदवले गेल्यावर पहिली हालचाल झाली ती वनस्पतीच्या बचावासाठी. पितळेच्या बाबतीत निदान ऐंशीच्या दशकात तरी कुणी मंत्रालय पातेल्याच्या बचावाला उभं राहिलं नाही, म्हणून पुण्यातल्या डॉक्टरांना आयांशी बोलता आलं.

तेव्हा पितळेची कढई जरूर विका. रंग सुंदर, उष्णता सगळीकडे सारखी पसरते, भाजी लागत नाही. हे गुण खरे आहेत आणि ते सांगून विकता येतील. फक्त वेष्टनावर 93 टक्के छापायला जी जागा सापडली तिथे तीन ओळी छापा: आतून कल्हई आहे की नाही, ती किती महिन्यांनी पुन्हा लावायची, आणि लहान बाळाचं दूध यात तापवू अथवा ठेवू नये. आणि ज्या दुकानदाराला असं छापल्याने खप कमी होईल अशी भीती वाटते, त्याने आपण नेमकं काय विकत होतो ते गिऱ्हाइकाला तोंडी सांगावं.